गार ताक

“त्या बागेत पोरीला नाचवू नको गो,” निघताना ठमाबाई म्हणाली होती. “गडाचं टाकं तिथंच हाय, हिरवळीखाली. झाकलंय ते. बुजवलं नाय.”

“झाकलं काय नि बुजवलं काय, आई, एकच की,” असं म्हणत समीक्षाने सेजलच्या सँडलचे पट्टे लावले होते. सासूचं माहेर गडाखालचं. माहेरच्या दगडाधोंड्यांचीही तिला काळजी, असं सुनेचं मत.

वरंधच्या रस्त्याला, गडाच्या पायथ्याशी ही बाग. नाव ‘ऐतिहासिक दुर्ग उद्यान’. फाटकाशी फायबरचे दोन हत्ती, त्यातल्या एकाची सोंड तुटून आतली जाळी बाहेर आलेली. पुढे तोफा. एक तोफ म्हणजे सांडपाण्याचा पाइप काळा रंगवून गाड्यावर ठेवलेला. कारखान्याचा शिक्का रंगाखालून डोकावत होता. इतिहासाचा फलक माणसाहून उंच. उद्घाटनाला कोण कोण आलं याने तो गळ्यापर्यंत भरला होता, आणि इतिहासाला तळाशी दोन ओळी उरल्या होत्या. त्यातही ‘शिवकालीन टाकी’ असं लिहून बाण काढलेला. बाण जात होता सिमेंटच्या बुरुजाकडे. बुरुजाच्या पोटात प्लास्टिकची काळी टाकी, आणि तिचं पाणी कारंज्याला. लोक तिच्यापुढे छाती काढून उभे राहत, फोटो काढत. समीक्षाचा नवरा हर्षदही त्यांच्यातच.

सेजल प्लास्टिकच्या हिरवळीवर उड्या मारत होती. झेंड्याच्या खांबाजवळ आवाज येत होता तो थप, थप. मग ती सरकत सरकत कडेला बसलेल्या ताकवालीच्या टोपलीपाशी गेली आणि आवाज बदलला. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा, खालून कुणी ओ दिल्यासारखा.

समीक्षा धावली. पोरीला उचलून तिने छातीशी धरलं तेव्हा ती भोकाड पसरून रडत होती आणि सगळी बाग बघत होती. हर्षद मोबाइल खिशात घालत म्हणाला, तुला देवळात नेलं तरी तू आधी छत बघशील.

तिने बागेच्या व्यवस्थापकाला गाठलं. सुशांत त्याचं नाव. अंगात टी-शर्ट आणि डोक्यावर आयता शिवलेला फेटा. इथे खाली गडाचं टाकं आहे ना, असं तिने विचारलं, तर त्याने हसून बुरुजाकडे हात केला.

“टाकी ती बघा, मॅडम. वाचलं नाही का फलकावर?”

“टाकी नाही. टाकं. खडकात खोदलेलं, पाण्याचं.”

“तेच ते. टाकं हा आपला गावठी शब्द. शुद्ध भाषेत टाकी.”

एवढा आत्मविश्वास तिने कॉलेजात मराठीच्या सरांकडेही पाहिला नव्हता. ती शांतपणे म्हणाली, “बरं. मग या हिरवळीखालचा खड्डा बुजवलाय की झाकलाय?”

“एकच की, मॅडम,” सुशांत म्हणाला.

आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून इतके मठ्ठ लागतील, असं समीक्षाला वाटलं नव्हतं. सुशांत मात्र फेटा सावरत निघून गेला. हत्तीवर कुणीतरी पोर चढवलं होतं.

ताकवाली साळूबाई हे सगळं ऐकत होती. हिरवळ जिथे जराशी खोलगट झाली होती, बरोबर तिथेच तिने गोणपाट अंथरलं होतं. पुढ्यात ताकाचं मडकं, बाजूला काकड्या. बागेच्या खुर्च्या तिथे लावल्या की डुगडुगायच्या, म्हणून ती जागा रिकामी राहिली आणि तिला मिळाली. दुसरीकडे बसलं की हुसकावतात, इथून कोण हटवत नाही, असं ती कौतुकाने सांगत होती. बोलता बोलता तिने सेजलच्या हातात ताकाचा पेला दिला. पोरीचं रडणं थांबलं. समीक्षाने पेल्याला हात लावला. बर्फ नाही, काही नाही, आणि ऐन मे महिन्यात पेल्याला घाम फुटला होता.

“जमिनीचाच गारवा हाय, बाय,” साळूबाई गोणपाट थोपटत म्हणाली. “खालनं येतो. मडकं ठेवलं की झालं.”

समीक्षाने तिला समजावलं. खाली पोकळ आहे, वर नुसतं झाकलेलं, कधीही खचेल. हात धरून उठवायला गेली. साळूबाईने हात सोडवून घेतला, पण रागाने नाही.

“आज तू उठवशील. उद्या मी इथंच येणार. उद्या कोण हाय उठवायला?”

घरी आल्यावर समीक्षाने तक्रार केली, जिथे करायची तिथे. शब्द न शब्द नीट लिहून, टाकं या शब्दाखाली रेघ मारून. उत्तरही आलं. टाकीची पाहणी केली असता टाकी गळत नसल्याचे आढळून आले. ठमाबाईने ते दोनदा वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसली. समीक्षाला हसू आलं नाही.

तेव्हापासून महाड-पोलादपुरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती एकच गळ घालते, तुम्हालाही घालते आहे. त्या बाजूला गेलात तर हत्ती बघू नका, बुरुज बघू नका, फलक तर मुळीच वाचू नका. साळूबाई कुठे बसलीय तेवढं बघा. लांबून कळलं नाही तर पेलाभर ताक मागा. कोमट असलं तर निवांत प्या. गार लागलं, तर पेला खाली ठेवा आणि आधी तिला उठवा.