शिकाऱ्यांची पेटी

हौसेनं जनावरं मारणाऱ्या परदेशी क्लबचं दान नको, म्हणून कबनूरचे जिनपालअण्णा गेल्या वर्षी याच दवाखान्याच्या दारात उपोषणाला बसले होते. आज त्यांची सून रूपाली सातव्या महिन्यातच बाळंत झाली. गावभर फोन झाले, पण अशा बाळाला ऊब देणारी काचेची रिकामी पेटी कुठंच नव्हती. होती ती एकच, इथली. तिच्यावर त्या क्लबचं नाव होतं, सिंहाच्या आणि बंदुकीच्या चित्रासकट.

"अण्णा, तुम्हाला चालेल ना?" डॉक्टरांनी चाचरत विचारलं.

"ठेवा की आत! इचारत काय बसलाय?" अण्णा ओरडले.

पेटीचं झाकण लागलं. तसे नर्सच्या हातातल्या दुसऱ्या बाळाकडं बघत अण्णांनी डॉक्टरांचे पाय धरले. "त्या क्लबला आत्ता फोन लावा, डॉक्टर. जुळी हायत म्हणून सांगा. आनी एक पेटी मागा."