सेव्ह केल्यावरच

कंट्रोल आणि एस. भाग्येशचा सगळा सूड या दोन बटणांवर येऊन थांबला होता.

ब्राह्मणपुरीच्या मांडवात नवनीत आणि कामिनीच्या मधे अंतरपाट धरलेला. स्टेजशेजारी मोठा पडदा, पडद्यामागे जनरेटर, आणि जनरेटरला टेकून लॅपटॉप घेतलेला भाग्येश. पडद्यावर ‘सर्व पाहुण्यांचे हार्दिक स्वागत’. त्याच्या एडिटरमध्ये मार्कडाउनचं प्लगइन होतं. इकडे साधं टाइप करायचं, तिकडे ते ठळक मथळा होऊन दिसायचं. सेव्ह केल्याशिवाय मात्र पडदा बदलायचा नाही. सूड घ्यायला याहून सोयीचं काही नव्हतं. निवांत लिहायचं, खोडायचं, घासूनपुसून धार लावायची, आणि शेवटच्या ‘सावधान’ला दाबायचं.

हे काम नवनीतनेच हक्काने दिलं होतं. “पडदा तू सांभाळ भाऊ, दुसऱ्याचा भरवसा नाही.” शाळेपासूनचे मित्र. कामिनीला बघायला गेला होता तो खरं तर भाग्येश. नवनीत नुसता गाडी चालवायला. आठवड्याने निरोप आला, मुलीला गाडी चालवणारा पसंत आहे.

भाग्येशने खूप विचार केला. दोघांची शेती सारखी, शिक्षण सारखं, उंचीसुद्धा सारखी. फरक फक्त केसांचा. आणि नवनीतचे केस सुरतेहून आणलेले. आणायला सोबत भाग्येशच होता. तिसऱ्या कुणाला ते माहीत नव्हतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. भाग्येशने लिहिलं, ‘नवरदेव टकला आहे.’ फार कोरडं वाटलं. खोडलं. ‘नवरदेवाच्या फेट्याखाली विग आहे. विगखाली काही नाही.’ हे जमलं. तेवढ्यात मांडवात हशा पिकला. भटजी चुकले असतील.

मग हात आपोआप चालू लागला. ‘कामिनी, तो निळा शर्ट मी तुझ्यासाठी शिवला होता.’ बाहेर बायकांनी सुस्कारा सोडला. त्याने वाक्य खोडलं. सूडात शर्ट शोभत नाही. ‘कामिनी, पोहे फार छान झाले होते.’ तेही खोडलं.

मंगलाष्टकं केव्हाच थांबली होती. नवनीतचे धुडकूमामा वाकून पडद्यामागे आले.

“भाचा, पुढे लिख ना. भटजी बी मंगलाष्टकं सोडीसन पडदाच वाची ऱ्हायना.”

भाग्येशने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. ‘प्लगइन अपडेट झाले. आता प्रत्येक अक्षर टाइप होताच दिसेल.’ ही मागणी त्याचीच होती. प्लगइनवाल्यांना दोन शिव्या घालून त्यानेच कळवली होती.

त्याने सगळं पुसलं. पडदा कोरा झाला. मांडवात लोक हळहळले.

मग भटजींच्या माइकवर खाकरल्याचा आवाज आला. पाठोपाठ कामिनीचा.

“भाग्येशभाऊ, विगनं माले पहिल्याच दिनपासून माहीत शे. दखाले उनात तवयच यास्नी तुम्हना समोर काढीसन दखाडा व्हता. तवय तुम्हनं ध्यान पोहास्मा व्हतं.”