मूळ झडप

"किती वर्षं घोकून घेतेय, आधी प्रत काढा, मग चित्रातल्या रेघेला हात लावा," झडपांच्या चित्रशाळेच्या प्रमुख खानविलकरबाई सुलक्षणाच्या कानाशी पुटपुटल्या. रागानं नव्हे, घाबरल्या की त्या पुटपुटतच.

सुलक्षणाने सकाळी आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या, रेवतीच्या हृदयातली झडप चित्रात दोन मिलिमीटर रुंद केली होती. पोर वाढली, झडप आवळायला लागली. त्या मापाची झडप आज संध्याकाळपर्यंतच साथ देईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या घाईत सुलक्षणाने प्रत समजून मूळ चित्रच बदललं. इथे बनणाऱ्या झडपा छातीत बसल्यावरही आपल्या चित्राचं ऐकतात. चार तासांत तसा आकार घेतात. आता दुपारचे तीन वाजले होते आणि त्याच मूळ चित्रावरून झडप बसवलेली एकशे चाळीस मुलं धापा टाकत होती. रेवतीचे ओठ मात्र आज गुलाबी झाले होते. तिने पोळीवर साखर मागितली होती.

"मूळ चित्र आत्ताच पहिल्यासारखं केलं, तर ती सगळी वाचतील," तिचा सहकारी पिंगळे म्हणाला.

"आणि रेवतीला वेगळी प्रत जोडली तर?"

"जोडायला नऊ तास लागतात, ताई. मध्यरात्र होईल."

पिंगळेने चित्र परत फिरवायचं बटण पडद्यावर उघडलं.

"दुसरं काही सुचवा की कुणीतरी!" सुलक्षणा ओरडली. तिने खुर्ची पुढे ओढली.

"माझी रेवती जाईल," ती म्हणाली. "सरका. बटण मीच दाबते."