तीसची हवा

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सासऱ्यांनी इंजिन बंद ठेवूनच हॅण्डब्रेक सोडला आणि जुनी गाडी फाटकातून उतारावर आपसूक सरकू लागली.

सून पायरीवर श्वास रोखून उभी होती. शेजारी नवरा पोटरी चोळत जांभया देत होता. टॅक्सीवर जन्म काढलेल्या सासऱ्यांची ही नेहमीची परीक्षा: चारही चाकांत बरोबर तीसची हवा, धक्का मारायचा नाही, आणि गाडी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली पाहिजे. महिनाभर ती पेटीच्या अलीकडेच थांबत होती. आज पोचली नाही तर नऊ वाजता भंगारवाला घेऊन जाणार, असं बापलेकांत ठरलं होतं. सून याच गाडीवर सासऱ्यांकडून चालवायला शिकली होती, बोलणी खात खात.

गाडी पेटीपाशी आली. पेटी ओलांडली. आणखी वीस पावलं पुढे जाऊन थांबली.

"पोचली, बाबा!" सून धावतच सुटली.

सासरे उतरले, पण हसले नाहीत. कुणाच्या तरी अंगणाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. त्यातून गेलेल्या चाकांचे ओले पट्टे पुढच्या कोरड्या डांबरावर उमटले होते. ते वाकून बघत राहिले.

"पट्टा बारीक आलाय," ते म्हणाले. "चाक फुगलंय. कडा टेकतच नाहीयेत, नुसतं मधल्या भागावर चाललंय."

खिशातला मीटर काढून त्यांनी चाकाला लावला.

"चाळीस! काल संध्याकाळी मी स्वतः तीस केली होती. कुणाचे उद्योग हे?"

सुनेने मान खाली घातली. "माझे. पहाटे पायपंप मारला. पण बाबा, शप्पथ, मी चारच वाढवली होती."

"मग वरची सहा?"

भंगारवाल्याला बोलावणारा मुलगा विजेच्या तारेवरचे पक्षी मोजत होता.

"तरीच म्हटलं, सकाळपासून पोटरी का चोळतोय हा!" सून म्हणाली.

"सगळे लबाड माझ्याच घरात जमलेत," सासरे म्हणाले, पण मिशीतलं हसू लपेना. "आजची परीक्षा रद्द. पुढच्या रविवारी पुन्हा. तीसवर."

"आणि नाही पोचली तर?" मुलाने विचारलं.

"तर नाही पोचली."

सात वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्या चाकातली जास्तीची हवा फुसफुसत बाहेर पडत होती, आणि मुलगा फोनवर भंगारवाल्याला सांगत होता, "आज नका येऊ. चाकांचं काम चाललंय."