मोकळे हात

भर उपासनेत शिंपी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मला दिसायला लागलंय."

मंडळीत एकच गलका झाला. कुणी रडलं, कुणी गुडघे टेकले. पाळकांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. कित्येक वर्षं बायकोचा हात धरून चालणारा हा माणूस. डॉक्टरांनीही हात टेकलेले. आणि आज अचानक नजर परत?

मागच्याच रविवारी पाळकांनी पक्षाघाती माणसाच्या गोष्टीवर प्रवचन केलं होतं. "प्रभूचा चमत्कार म्हणजे जादू नव्हे. तो माणूस आपली बाज उचलून चालू लागला, तेव्हा त्याला वाहून आणणाऱ्या चौघांचे हातही मोकळे झाले. बरं होण्याचा अर्थ तिथं शोधा."

त्याला आठवडा होतो न होतो तोच हा प्रकार! की हा कधी आंधळा नव्हताच? बायकोच्या जिवावर आयतं बसायची सवय लागली होती, एवढंच?

खरं-खोटं करायला पाळक त्याच्या घरी गेले. शिंप्यानं दारातच त्यांना कडकडून मिठी मारली.

"पाळकसाहेब, तुमच्या कोटाचं मधलं बटण लोंबतंय. द्या, टाचून देतो."

पाळकांनी खाली पाहिलं. बटण खरंच लोंबत होतं. त्यांचा संशय आणखी बळावला.

"त्या जन्मांध माणसाची गोष्ट वाचून दाखवा बघू," त्यांनी शुभवर्तमान त्याच्या हातात दिलं. शिंप्यानं पुस्तक उघडलं आणि कुठंही न अडखळता घडाघडा वाचलं. इतक्या वर्षांत अक्षरओळखही पुसट झाली नाही? पाळकांनी ओठ आवळले.

आतून बायको बॅग घेऊन आली. थोडं चाललं तरी तिला धाप लागायची.

"हृदयाचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "डॉक्टर केव्हापासून मागे लागलेत. पण ह्यांना एकटं टाकून जाणार कशी? आता देवानंच वाट काढली. भाऊ तिकडं स्टेशनवर येणार आहे."

"टॅक्सी आली, चल," शिंपी म्हणाला. "उशीर नको."

बायकोला वाटेला लावायची एवढी घाई? पाळकांना तेही खटकलं.

ती उंबऱ्यात थबकली. "खरंच दिसतंय ना हो तुम्हाला?"

"अगं, तुझ्या कपाळावरची आठी दिसतेय. ती आधी काढ."

तिनं कपाळाला हात लावला आणि खुदकन हसली. मग बाहेर जाऊन टॅक्सीत बसली.

शिंपी दाराच्या चौकटीला टेकून हात हलवत राहिला. रस्त्यावर रहदारीचा नुसता गोंगाट होता. टॅक्सी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, तसे पाळक त्याच्याजवळ सरकले. आता याला कोंडीत पकडायचं.

"बाई गेल्या," असं म्हणून सुरुवात करायला त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात शिंपीच बोलला. चेहऱ्यावर हसू तसंच, हात तसाच हलता.

"पाळकसाहेब," तो हळूच म्हणाला, "गाडी वळली की सांगा हं."