एकच नंबर, पाच ओळी

"ताई, एकाच माणसाला दोनदा पत्र गेलं तर तो म्हणेल, यांचं डोकं ठिकाणावर नाही," भाऊ म्हणाला.

"म्हणून तर बसलेय ना," ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली.

यादीत एकाहत्तर ओळी होत्या. बाबांच्या आजारपणात ज्यांनी ज्यांनी मदत केली, त्यांना आभाराचं पत्र पाठवायचं होतं. आई, भाऊ आणि आत्या, तिघांनी आपापल्या आठवणीने नावं भरली होती. ती स्वतः नोकरीमुळे लांब होती. निदान एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं, असं तिला वाटत होतं.

पाच महिन्यांपूर्वी रस्ता ओलांडताना बाबांना एका टेम्पोने उडवलं होतं. टेम्पो थांबलाच नाही, असं बाबांनी पोलिसांना सांगितलं. आज ते काठी न घेता गॅलरीपर्यंत चालत गेले होते. निवृत्तीनंतर बोलणंच कमी केलेले बाबा आता शेजाऱ्यांना हाका मारत होते.

नावांवरून सारख्या ओळी सापडेनात, म्हणून तिने फोन नंबर धरले. कुणी आधी शून्य लावलं होतं, कुणी मधे जागा सोडली होती. तिने ते सगळं काढून टाकलं आणि पुन्हा शोध घेतला. पाच ओळी एकदम लाल झाल्या.

'दवाखान्यात पोचवणारे', हा नंबर भावाने दवाखान्याच्या वहीतून उतरवला होता. 'रक्त देणारे', हेही त्यानेच लिहिलेलं. 'वॉकर आणणारे', आत्याचं. 'औषधं पोचवणारे' आणि 'पेपर वाचून दाखवणारे', आईचं.

"अगं आई, हे दोघे वेगळे आहेत का?"

"औषधंवाले हेल्मेट घालून दारातूनच जायचे गं," आई म्हणाली. "आणि पेपर वाचणारे मी बाजारात गेले की यायचे. बाबांनी नंबर दिला, मी लिहिला."

"माणूस आहे की संस्था?" भाऊ म्हणाला.

तिने चार ओळी पुसल्या, एक ठेवली. तिचे डोळे भरून आले. पत्राने भागणार नव्हतं. तिने लगेच फोन लावला. पलीकडचा माणूस आधी नको नकोच म्हणाला. मग बाबांनी फोन मागून घेतला आणि एवढंच म्हणाले, "या हो."

रविवारी सकाळी तो आला. पन्नाशीचा, धुतलेला शर्ट, हातांना ग्रीसचे न गेलेले डाग. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.  आईने दोन्ही हात जोडले आणि रडायलाच लागली.

"तुम्ही नसतात तर आमचं काय झालं असतं!"

"असं नका म्हणू वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला. "सरच खमके आहेत."

आई डोळे पुसत चहा ठेवायला गेली. भाऊ खालच्या दुकानात बिस्किटं आणायला पळाला. कप ट्रेमध्ये मांडून ताई बाहेर येऊ लागली. पाहुणा पुढे झुकून हळू आवाजात बोलत होता, म्हणून ती दाराआडच थांबली.

"घरी मी कधी अवाक्षर काढलं नाही, सर. पण आज खरं सांगा. त्या दिवशी ठरवून माझ्या टेम्पोसमोर येऊन उभे राहिलात, तसं पुन्हा मनात येतं का?"



"नाही," बाबा म्हणाले. "आता रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतो मी."