पानांवरची भुकटी

एचेव्हेरिया या शोभेच्या रोपाच्या गुलाबासारख्या दिसणाऱ्या पानांवर पांढरी भुकटी असते. बोट लागलं की ती निघते आणि डाग कायमचा राहतो. म्हणून सून त्या कुंडीला कुणाला हात लावू द्यायची नाही. माती खडखडीत वाळली की स्वतःच बुडाशी घोटभर पाणी घालायची.

परवा ती तासाभरासाठी बाहेर जाऊन आली, तर पानांवर चार बोटं उमटलेली. घरात फक्त सासूबाई होत्या, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्यासाठीच तिनं नोकरी सोडली होती.

"अस्सं. म्हणजे नाटक चाललंय सगळं," ती मनाशी म्हणाली. कुणाला काही विचारलं नाही.

आज सकाळी तिनं सासूबाईंची पाण्याची बाटली उशाशी न ठेवता पलीकडे खिडकीत, कुंडीशेजारी ठेवली. "तहान लागली की घ्या हं, आई," म्हणाली आणि बाहेरून कुलूप लावून दिवसभर माहेरी गेली.

संध्याकाळी नवरा तिला घ्यायला आला. परतल्यावर आपल्या घराचा जिना चढताना ओशाळून म्हणाला,



"रागावू नकोस. परवा विसरलेला डबा न्यायला आलो, आई झोपली होती, तेव्हा तुझी कुंडी जरा उन्हात सरकवली. पानांवर बोटं उमटलीत ना, ती माझीच."